गोव्यातील काजू फेणी : भट्टी, बाटली आणि कायद्यातील वर्गवारी

लहान प्रमाणावर गाळलेल्या मद्याला अलीकडच्या काळात जगभर प्रतिष्ठा लाभत आहे. गोव्यात मात्र हा प्रकार नवा नाही. तेथील काजू फेणी ही मुळातच घरगुती भट्टीची निर्मिती होय. तिच्यासंदर्भात खरा प्रश्न चवीचा नसून वर्गवारीचा आहे.

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. फेब्रुवारी ते मे हा हंगाम. झाडावरून आपोआप गळून पडलेली पिकलेली बोंडेच वेचली जातात. बिया काढून ती ‘कोळंबी’ नावाच्या कुंडात पायांनी तुडविण्याची परंपरा आहे. उरलेल्या चोथ्यावर दगडांचा भार ठेवला की थेंबथेंब निथळणारा रस म्हणजे ‘नीरो’. तो बहुधा तसाच प्याला जातो. तुडवून निघालेला रस मात्र बाहेरून किण्व न घालता काही दिवस आंबवतात आणि ‘भाण’ या भांड्यात तापवून गाळतात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून सौम्य ‘हुर्राक’ मिळतो. तो फार टिकत नाही, म्हणून हंगामातच संपतो. हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळल्यावर फेणी तयार होते. धग किती ठेवावी, धार कोठे तोडावी, हे ज्ञान ग्रंथांत नाही. ते गाळणाऱ्याच्या हातात व नाकात असते.

२००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. माडाच्या सुरेपासून होणारी फेणी त्यातून वगळली गेली, हे काहीसे विचित्रच. कारण माड कोकणपट्टीवर काजूच्या कितीतरी आधीपासून आहे. पुढे २०१६ मध्ये गोव्याने अबकारी कायद्यात दुरुस्ती करून फेणीला ‘देशी दारू’च्या वर्गातून काढून वारसा-पेयाचा दर्जा दिला. परंतु राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने ही वर्गवारी गोव्याच्या सीमेपलीकडे आपोआप लागू होत नाही. परराज्यात फेणीला कोणत्या वर्गात बसवावयाचे व किती कर लावावयाचा, हे त्या त्या राज्याच्या हाती राहते.

मानांकनाचा लाभही समप्रमाणात वाटला जाणे कठीण दिसते. नाव वापरण्यासाठी नोंदणी हवी. दूरच्या बाजारासाठी बाटली, लेबल आणि प्रत्येक घाण्यात सारखीच प्रत हवी. बाटलीबंद करणाऱ्या उत्पादकाला हे परवडते. चार महिने भट्टी पेटवून सुटी फेणी विकणाऱ्याची प्रत मात्र बोंडांच्या गोडीप्रमाणे व हवेप्रमाणे बदलत राहते. आणि जाणकार गिऱ्हाईक नेमक्या त्याच फरकासाठी ठरावीक भट्टीवर जाते.