बर्फाचे वेळापत्रक

स्वित्झर्लंडच्या बर्न प्रांतात लाउटरब्रुनेनची दरी दोन्ही अंगांनी उभ्या कड्यांमध्ये आवळली गेली आहे. तिच्या पश्चिमेकडील कड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १६५० मीटर उंचीवर, म्यूरेन नावाचे साडेचारशेच्या घरात वस्ती असलेले खेडे आहे. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही शिखरत्रयी, पाठीशी २९७० मीटर उंचीचे शिल्टहॉर्न, आणि गावात मोटारींना मज्जाव. हिवाळ्यातील गर्दी ओसरून एप्रिल लागला म्हणजे खालच्या कुरणांत हिरवळ उगवते, बर्फाची सीमा रोज थोडी वर सरकते, आणि तरीही जाणकार स्कीपटू नेमक्या याच दिवसांत येथे येतात. स्कीच्या खेळाला घड्याळाच्या स्वाधीन करण्याचे श्रेय ज्या गावाला जाते, तेथे हंगामाच्या अखेरीस घड्याळाची सत्ता किती खोल जाते, हे पाहण्याजोगे आहे.

या गावाचे भाग्य उजळले ते लोहमार्गाने. १८९१ साली दरीतून ग्रूट्शाल्पपर्यंत दोरखंडाने ओढली जाणारी गाडी आणि तेथून कड्याच्या काठाकाठाने म्यूरेनपर्यंत विजेवर चालणारी मीटरगेज गाडी सुरू झाली. त्यांतील दोरखंडाच्या गाडीची जागा २००६ साली रज्जुमार्गाने घेतली. आरंभी हा सारा कारभार उन्हाळ्यापुरता होता. हिवाळ्यात गाडी चालवावी, असे कंपनीच्या गळी उतरविले ते सर हेन्री लन या इंग्रज गृहस्थांनी. एके काळी मद्रासेत मिशनरी म्हणून राहिलेल्या आणि पुढे प्रवासाच्या व्यवसायात शिरलेल्या या गृहस्थांनी १९१०च्या सुमारास आपल्या गिऱ्हाइकांसाठी बर्फातले म्यूरेन खुले केले.

त्यांचे चिरंजीव आर्नल्ड लन यांचा जन्म १८८८ सालचा, मद्रासचाच. तरुणपणी वेल्समधील एका कड्यावरून कोसळून त्यांचा उजवा पाय कायमचा आखूड झाला. तथापि या मनुष्याने उतारावरून वेगाने खाली येण्याच्या कौशल्यालाच आपले जीवितकार्य मानले. त्या काळी स्कीच्या क्षेत्रात नॉर्वेची मक्तेदारी होती आणि लांब पल्ल्याची दौड व स्कीवरून मारलेली उडी एवढ्यांनाच प्रतिष्ठा होती. वळणे घेण्याच्या ज्या स्पर्धा होत, त्यांत परीक्षक शरीराच्या डौलाला गुण देत. लन यांनी हा शिरस्ता मोडला. २१ जानेवारी १९२२ रोजी म्यूरेनच्या उतारावर त्यांनी झेंड्यांच्या जोड्या रोवल्या आणि त्यांतून जो कमीत कमी वेळात खाली येईल तो विजयी, असा नियम घालून दिला. आधुनिक स्लालमचा जन्म तो हाच. डौल कोणाचा अधिक, यावर वाद घालण्यास वाव असतो. सेकंद कोणाचे कमी, यावर तो नसतो.

दोन वर्षांनी, १९२४ साली, येथेच कंदाहार स्की क्लब स्थापन झाला. अफगाणिस्तानातील शहराचे नाव आल्प्सच्या कड्यावर येण्याची कथा आपल्या मुंबई इलाख्याला स्पर्श करून जाते. १८८०च्या जुलैत मैवंदच्या लढाईत मुंबईच्या फौजेतील पलटणींची दारुण हानी झाली, उरलेले सैन्य कंदाहारात वेढले गेले, आणि त्यांच्या सुटकेसाठी जनरल रॉबर्ट्स काबूलहून मजल दरमजल करीत आले. पुढे ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ झालेल्या या सेनानीच्या नावाचा चषक १९११ साली स्वित्झर्लंडमधील माँटाना येथे उतारावरील शर्यतीसाठी ठेवण्यात आला. क्लबाने आपले नाव त्यावरून घेतले. १९२८ साली क्लबाच्या सतरा सभासदांनी शिल्टहॉर्नचा माथा स्वतःच्या पायांनी गाठून थेट लाउटरब्रुनेनपर्यंत शर्यत लावली, ती ‘इन्फर्नो’ या नावाने आजही चालू आहे. १९३० साली आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने उतारावरील शर्यत व स्लालम या प्रकारांना मान्यता दिली आणि १९३१ साली त्यांची पहिली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा म्यूरेनलाच भरली.

शर्यतीचे घड्याळ मनुष्याच्या हाती असते. वसंतातील बर्फाचे नसते. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशात टाकून देतो आणि दिवसा वितळलेले पाणी कणाकणांच्या मध्ये गोठून त्याचे टणक कवच बनते. पहाटे या कवचावर स्कीची धार जेमतेम रुतते. ऊन चढू लागले की वरचा दोन बोटांचा थर सैलावून भरड साखरेसारखा दाणेदार होतो, आणि खालचा भाग अद्याप घट्ट असल्यामुळे वळण असे सहज बसते, की नवशिक्यालाही आपण निपुण झाल्याचा भास व्हावा. हे वैभव फार तर तास-दोन तासांचे. म्हणून अनुभवी माणूस आधी पूर्वेकडचे, मग दक्षिणेकडचे, शेवटी पश्चिमेकडचे उतार धरतो आणि सूर्याच्या एक पाऊल मागे राहतो. दुपारी पाणी खोलवर मुरले, कणांमधील बंध सुटले, की तोच उतार पाय ओढून धरतो आणि ओल्या हिमस्खलनाचे भय उत्पन्न होते. रात्र ढगाळ गेली तर कवच धरतच नाही, आणि मग उत्तम हत्यारे, महागडे तिकीट व पट्टीचा वाटाड्या यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही.

वर नेणारी साधने मात्र वाढतच गेली. १९६७ साली शिल्टहॉर्नपर्यंत रज्जुमार्ग पूर्ण झाला. माथ्यावरील फिरते उपाहारगृह १९६९च्या जेम्स बाँड चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झाले. २०२४च्या डिसेंबरात श्टेखेलबेर्गहून म्यूरेनला थेट येणारा नवा रज्जुमार्ग सुरू झाला, तो जगातील सर्वांत तीव्र चढाचा म्हणून ओळखला जातो. ज्या चढणीसाठी १९२८च्या सतरा जणांना घाम गाळावा लागला, ती आज बसल्या जागी संपते. या सोयीने एकच गोष्ट साधलेली नाही: माथ्यावर कितीही लवकर पोहोचता आले, तरी बर्फ मऊ होण्याची वेळ तिळभरही अलीकडे ओढता येत नाही. लन यांनी या खेळातून परीक्षकाची मर्जी काढून टाकली. हंगामाच्या अखेरीस म्यूरेनला येणाऱ्याला स्वतःची मर्जीही बाजूला ठेवावी लागते. केव्हा निघावे, कोठे उतरावे आणि केव्हा थांबावे हे ठरविण्याचा अधिकार तेथे उन्हाचा आहे, आणि तो मान्य करणारालाच उत्तम बर्फ लाभतो.