पाठकोरा कागद, मेथी आणि हळद : घरच्या घरी बालहस्तव्यवसाय

तीन ते सहा वर्षे वयाच्या मुलांना हाताने सतत काहीतरी करत राहण्याची जी ओढ असते, ती भागवण्यासाठी आज बाजारात आकर्षक खोक्यांतून तयार संच मिळतात. त्यांतले आकार आधीच कापलेले असतात, चिकटवण्याच्या जागा छापलेल्या असतात आणि पूर्ण झालेली वस्तू कशी दिसावी याचे चित्रही खोक्यावरच असते. अशा संचात मुलाने स्वतः ठरवावे असे फार थोडे उरते. घरातला पाठकोरा कागद, भिजवलेली माती किंवा बशीतली हळद यांचे पुढे काय करायचे हे मात्र ज्याच्या हातात ते साहित्य पडेल त्यालाच ठरवावे लागते, आणि बालशिक्षणाच्या दृष्टीने घरगुती साहित्याचे खरे मोल यातच आहे. ते जवळजवळ फुकट मिळते ही केवळ सोय होय.

लहान मुलांच्या शिक्षणात हस्तव्यवसायाला, म्हणजे हाताने वस्तू घडवण्याच्या कामाला, पद्धतशीर स्थान दिले ते जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी. 1840 मध्ये त्यांनी आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले आणि ठोकळे, कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांची वीण, मातकाम अशा कामांची एक मालिकाच आखली. तिच्यातील घडीकामाच्या कागदांवरून स्फूर्ती घेऊन टी. सुंदर राव यांनी 1893 मध्ये मद्रास येथे कागदाच्या घड्यांतून भूमिती मांडणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढे त्याची दखल युरोपातील गणितज्ञांनीही घेतली. पश्चिम भारतात गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम उभारले, त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि 1957 मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. माँटेसरी पद्धतीचे महागडे लाकडी साहित्य खेड्यात परवडणारे नाही, हे या दोघींनी ओळखले होते. म्हणून पाने, फुले, बिया, खडे, शंख-शिंपले असे परिसरात सापडणारे साहित्यच त्यांनी बालवाडीत आणले. घरात मुलांबरोबर हस्तव्यवसाय करू इच्छिणाऱ्या पालकांना याहून चांगला आधार शोधण्याची गरज नाही.

साहित्य निवडण्याआधी त्या वयाचा हात काय करू शकतो हे समजून घेणे आवश्यक असते, कारण बहुतेक वेळा मूल कंटाळते ते काम त्याच्या हाताला न पेलल्यामुळे. साधारण दोन वर्षांचे मूल कागद फाडू शकते, कणीक किंवा माती दाबू शकते आणि खडू मुठीत धरून गिरगटू शकते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास बोथट टोकाच्या कात्रीने कागदाच्या कडेला लहान लहान चिरा देणे जमू लागते, चौथ्या वर्षाच्या सुमारास आखलेल्या सरळ रेषेवरून कापता येते, आणि वर्तुळासारखा वळणदार आकार कापण्यासाठी बहुधा पाचवे वर्ष उजाडावे लागते. प्रत्येक मुलाची गती वेगळी असल्यामुळे हे टप्पे मागेपुढे होतात; तथापि कातरकामाआधी फाडकाम आणि चित्राआधी गिरगटणे हा क्रम सहसा बदलत नाही. फाडकामाला घराघरांत दुय्यम समजले जाते, ते योग्य नाही. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कागद धरून दोन हात विरुद्ध दिशांना नेणे ही पुढे लेखणी धरण्याचीच तयारी असते, आणि फाडलेल्या तुकड्यांच्या ओबडधोबड कडांमुळे चिकटचित्रातील झाडे, ढग आणि कोंबड्यांची पिसे कात्रीने कापलेल्या आकारांपेक्षा अधिक जिवंत दिसतात.

चिकटकामासाठी लागणारी खळ घरीच होते. एक वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवावा, चार-पाच वाट्या पाण्यात तो मिसळून मंद आचेवर सतत ढवळावा, आणि मिश्रण पारदर्शक व दाट होऊ लागले की उतरवून पूर्ण निववावे. हे काम अर्थातच मोठ्यांचे आहे. पूर्वी पुस्तकबांधणीच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत असत, परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत ते कदापि घालू नये. त्याऐवजी खळ थोडीच करावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी.

रद्दीचा सर्वांत समाधान देणारा उपयोग म्हणजे कागदाचा लगदा. जुन्या मराठी घरांत बांबूच्या टोपल्या आणि सुपे कागदाचा लगदा व वाटलेली मेथी यांच्या मिश्रणाने लिंपून घेण्याची रीत होती. त्यामुळे विणीतील फटी बुजत आणि धान्य सांडत नसे. हीच कृती मुलांबरोबर सहज करता येते. वर्तमानपत्राचे बोटाच्या पेराएवढे तुकडे मुलांनी फाडावेत आणि ते रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावेत. गुळगुळीत चकचकीत कागद नीट भिजत नाही, म्हणून तो वगळावा. वेगळ्या भांड्यात मूठभर मेथीदाणेही भिजत घालावेत. सकाळी कागद पिळून खलबत्त्यात कुटावा, मेथी बारीक वाटावी आणि दोन्ही एकत्र करून कणकेसारखे मळावे. भिजलेल्या मेथीतून सुटणारे बुळबुळीत द्रव्य येथे चिकटवण्याचे काम करते, तर कुटल्यामुळे सुटे झालेले कागदाचे तंतू वाळताना एकमेकांत गुंतून वस्तूला बळकटी देतात. काश्मीरमधील प्रसिद्ध पेपर माशे कामातही लगदा आणि भाताची खळ यांचे मिश्रण साच्यावर थापतात, ते याच तत्त्वावर. नंतर एक वाटी पालथी घालून तिला तेलाचा हात फिरवावा आणि लगदा अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास जाडीने तिच्यावर थापावा. हे थापणे मुलांनी करायचे आहे. कुठे जाड, कुठे पातळ होईल, कडा वेड्यावाकड्या राहतील, आणि त्या तशाच राहू द्याव्यात. कडक उन्हात तीन-चार दिवसांत वस्तू सुटून येते, मग तिच्यावर गेरूचा हात द्यावा आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्याने काडी बुडवून ठिपके, रेघा काढाव्यात. पावसाळ्यात मात्र हे काम हाती घेऊ नये, कारण लगदा वाळण्याऐवजी त्याला बुरशी धरते.

हळदीचे काम याहून सोपे, आणि त्यात विज्ञानही आहे. अर्ध्या वाटी पाण्यात दोन चमचे हळद कालवून ती कापसाच्या बोळ्याने जाड पाठकोऱ्या कागदावर एकसारखी लावावी आणि कागद सावलीत वाळवावा, कारण उन्हाने हळदीचा रंग उडतो. दुसऱ्या वाटीत कपडे धुण्याच्या वडीच्या साबणाचा किस पाण्यात विरघळवून ठेवावा. मुलाने या पाण्यात बोट किंवा कापूस गुंडाळलेली काडी बुडवून पिवळ्या कागदावर रेघ ओढली की तिथे तत्काळ तांबडी-तपकिरी रेघ उमटते, आणि बोट बुडवलेले पाणी तर तसल्या रंगाचे नसते, हे पाहून मूल थबकते. त्याच रेघेवर लिंबाचा थेंब पडला की ती पुन्हा पिवळी होते. हळद हा एक ‘दर्शक’ आहे. दर्शक म्हणजे समोरचा पदार्थ आम्ल आहे की आम्लारी हे आपला रंग बदलून सांगणारा पदार्थ. साबण आम्लारिधर्मी आणि लिंबू आम्लधर्मी असल्याने रंगांची ही ये-जा घडते. हळदीवर चुना किंवा टाकणखार यांची क्रिया करून पारंपरिक कुंकू बनवत, त्यामागचे कारणही हेच. चार वर्षांच्या मुलाला आम्ल-आम्लारी सांगण्याची घाई करू नये. पुढचा थेंब कशाचा टाकून पाहावा, हे त्यालाच सुचू द्यावे. चुन्याच्या निवळीने रंग अधिक गडद येतो, परंतु चुना डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, म्हणून तो या खेळापासून दूर ठेवावा आणि साबणाच्या पाण्याचे हातही खेळ संपताच धुवावेत.

ठसेकाम बहुतेक पालकांना परिचित असते. आडव्या कापलेल्या जून भेंडीतून चांदणी उमटते आणि अर्ध्या कांद्यातून वर्तुळात वर्तुळे येतात; रंग थेट बुडवण्याऐवजी बशीतल्या ओल्या कापडाच्या घडीवर पसरला तर ठसा स्वच्छ येतो, एवढे सांगितले की पुरे. भिरभिरे, नाव आणि वर्तमानपत्राची टोपी या घड्या तर घरातील आजी-आजोबांनाच विचाराव्यात.

मातकामाची महाराष्ट्रातील सर्वांत मोठी घरगुती परंपरा म्हणजे दिवाळीचा किल्ला. दगड-विटांच्या ढिगावर मातीच्या गाऱ्यात बुडवलेले गोणपाट पांघरून तो उभा राहतो, आणि त्याच्या उतारावर पेरलेली मोहरी किंवा हळीव तीन-चार दिवसांत उगवून हिरवळ धरते. हे सहसा मोठ्या मुलांचे काम मानले जाते, परंतु चिखल कालवणे, मोहरी भुरभुरवणे आणि रोज हलकेच पाणी शिंपडणे ही कामे तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण जमतात. सदनिकेत राहणाऱ्यांना एका परातीत वीतभर उंचीचा किल्लाही करता येतो.

पाच वर्षांवरील मुलांसाठी अरविंद गुप्ता यांच्या कामाकडे वळावे. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे लहान तुकडे जोडून आकार बनवण्याची त्यांची कल्पना प्रसिद्ध आहे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी वाकत नाही आणि चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलंडतो, हे मुलाला हातानेच कळते. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून अशी असंख्य खेळणी घडवली, आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. घरी करताना काड्यांवरचे गूल मोठ्यांनी आधी काढून टाकावे.

सुरक्षिततेचा विचार येथे सविस्तर करणे भाग आहे. तीन वर्षांखालील मूल हाती येईल ते तोंडात घालते, त्यामुळे साधारण सव्वा इंच व्यासाच्या नळीतून जाऊ शकेल अशी कोणतीही वस्तू, मग ती चिंचोका असो, मणी असो वा बटण, त्याच्या कामात असू नये. घड्याळातील चपटे सेल गिळले गेल्यास अन्ननलिका जळते. तसे झाल्यास लक्षणांची वाट न पाहता मुलाला तडक रुग्णालयात न्यावे. बियांपैकी लाल-काळी गुंज दिसायला मोहक असली तरी अत्यंत विषारी आहे, आणि एरंडाच्या व पिवळ्या कण्हेरीच्या बियांबाबतही तेच खरे. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांना घातक असते. बियांचे चिकटचित्र करायचेच असेल तर ते चार वर्षांनंतर, राजमा, वाल, चिंचोके यांचे करावे, आणि तेही मोठे माणूस शेजारी बसलेले असतानाच. कच्चा राजमाही चावून खाण्याजोगा नसतो, हे ध्यानात ठेवावे.

मोठ्यांच्या मदतीची मर्यादा हा या साऱ्यातील सर्वांत अवघड भाग होय. खळ शिजवणे, गूल काढणे, जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरणे ही तयारी मोठ्यांची. आकार, रंग आणि ‘झाले’ हा निर्णय मुलाचा. शाळेच्या प्रदर्शनासाठी आई-वडिलांनी रात्री जागून केलेली सुबक वस्तू मुलाच्या नावावर मांडली जाते, तेव्हा आपल्या हातचे काम कमी प्रतीचे आहे एवढेच मूल त्यातून शिकते, आणि ही हानी पुढे भरून काढणे कठीण असते. ‘छान’ म्हणून कौतुक आटोपण्याऐवजी ते कसे केले, आधी काय केले, हे मुलाकडून ऐकून घ्यावे. कागदाच्या मागे मुलाचे वय आणि तारीख लिहून ठेवली तर वर्षभरात हात कसा बदलला हे पालकांना पुराव्यानिशी पाहता येते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यापासून गावोगावी आणि शहरांतील वस्त्यांमध्ये अंगणवाड्या आहेत, आणि येथे सांगितलेले जवळजवळ सर्व साहित्य तेथील मुलांनाही उपयोगी पडणारे आहे. कार्यालयातील पाठकोरे कागद, कोरे पुठ्ठे, वापरण्याजोगे खडू घरात साचले असतील तर ते रद्दीत देण्यापूर्वी वाचकांनी जवळच्या अंगणवाडीत जाऊन तेथील सेविकांना काय हवे आहे ते विचारावे आणि तेवढे नेऊन द्यावे.