ऑक्सिजन कमी पडला की गाठीच्या पेशी वाट धरतात

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूच्या गाठींमधली अतिशय आक्रमक गाठ. इतर कर्करोगांसारखी ती यकृतात, फुप्फुसात सहसा जात नाही. मेंदूतल्या मेंदूतच पसरते. १९२८ साली अमेरिकेतले शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी ग्लायोमाच्या, म्हणजे याच कुळातल्या गाठींच्या, काही रुग्णांच्या मेंदूचा अख्खा उजवा अर्धगोल काढून टाकला. तरीही रोग उलटला. पेशी आधीच पलीकडे पोचलेल्या होत्या.

त्या इतक्या दूर जातात, यामागचं एक मोठं कारण म्हणजे ऑक्सिजनची टंचाई.

रक्तवाहिनीतून झिरपणारा ऑक्सिजन जेमतेम शंभर-दोनशे मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शापर्यंत पोचतो. गाठ भराभर वाढते, रक्तवाहिन्या मागे पडतात. ज्या नव्या फुटतात त्या वेड्यावाकड्या, गळक्या असतात. काहींत रक्ताची गुठळी अडकते. मग तिथल्या पेशी मरतात. बायोप्सीची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, की मेलेल्या भागाभोवती जिवंत पेशींची दाट रांग दिसते, कुंपणाचे खांब रोवावेत तशी. या रोगाच्या निदानाची ही जुनी खूण. या रांगेतल्या पेशी आसपासच्या पेशींपेक्षा कमी वेगाने विभागतात. मग तिथे एवढी दाटी का? त्या प्राणवायू संपलेल्या जागेपासून दूर निघालेल्या असतात, असा त्याचा अर्थ लावला जातो. मला या रोगातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते.

ऑक्सिजन संपत आल्याचा निरोप पेशीला देतं ‘हिफ-१’ नावाचं प्रथिन. त्याचा अल्फा हा घटक पेशीत सतत तयार होतो, पण ऑक्सिजन पुरेसा असेल तर एक विकर त्यावर खूण करतं आणि काही मिनिटांत त्याची विल्हेवाट लागते. ऑक्सिजन घटला की खूण पडत नाही, प्रथिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकं चालू करतं. ही यंत्रणा निरोगी शरीराचीच आहे. उंच डोंगरावर गेल्यावर लाल पेशी वाढतात त्या तिच्यामुळेच. ती उलगडल्याबद्दल सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन यांना २०१९ चं नोबेल मिळालं.

गाठीत मात्र याच यंत्रणेमुळे पेशी ऑक्सिजनशिवाय साखर जाळू लागते आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकते. भोवतालचं जाळं विरघळवणारी विकरं सुटतात. पेशी लांबट होते आणि चेतातंतूंच्या जुडग्यांवरून, रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या अंगाने सरकू लागते. दोन्ही अर्धगोल जोडणाऱ्या पट्ट्यातून ती पलीकडेही जाते.

गाठीचा रक्तपुरवठा तोडायचा, या विचाराने बेव्हासिझुमॅब हे औषध वापरून पाहिलं गेलं. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले: रोग बळावायला उशीर लागला, पण रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही. उंदरांवरच्या काही प्रयोगांत तर रक्तपुरवठा तोडल्यावर पेशी आणखी आत घुसल्या.

रेडिएशनलाही ही टंचाई आडवी येते. किरणांनी डीएनएला केलेली इजा कायम व्हायला ऑक्सिजन लागतो. तो नसलेली पेशी मारायला अडीच ते तीनपट मात्रा लागते, आणि तेवढी निरोगी मेंदूला सोसत नाही. तरी रेडिएशन टाळता येत नाही, कारण पेशी दिसणाऱ्या गाठीपलीकडे गेलेल्या असतात. म्हणूनच “गाठ पूर्ण काढली” असं सांगूनही डॉक्टर रेडिएशन देतात, आणि एमआरआयवर दिसणाऱ्या कडेच्या पुढे साधारण दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतचा भाग त्यात धरतात.