दरिया आणि दर्या

तुमच्यापैकी किती जणांनी समुद्र पाहिला आहे? अकोला आणि अमरावती समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तरीही शार्क मासा कसा दिसतो, हे तुम्हांला माहीत आहे. कारण टीव्हीच्या पडद्यावर समुद्र आपल्या घरी येतो.

अमेरिकेतील डिस्कव्हरी वाहिनी १९८८ पासून दरवर्षी 'शार्क वीक' म्हणजे शार्क सप्ताह दाखवते. त्या दिवसांत असंख्य लोक शार्कविषयी बोलतात, इंटरनेटवर प्रश्न विचारतात. समुद्राचे अभ्यासक ही संधी सोडत नाहीत. ते लगेच सांगतात, "शार्कच्या हल्ल्यात फार थोडी माणसे मरतात, माणूस मात्र दरवर्षी कोट्यवधी शार्क मारतो." एरवी ही माहिती किती जणांनी ऐकली असती?

पण पडद्यावर दिसते ते सारे खरे नसते. मेगालोडन हा प्रचंड शार्क लाखो वर्षांपूर्वी नष्ट झाला. तो अजून जिवंत असावा, असे २०१३ च्या सप्ताहातील एका कार्यक्रमात भासवले गेले. त्यातील 'शास्त्रज्ञ' नट होते. अभ्यासकांनी इंटरनेटवर त्याचा निषेध केला व खरी माहिती दिली.

आता आपल्या देशातील उदाहरण पाहा. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. तो माणसाला खात नाही. पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून खातो. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याची फार शिकार होई. माइक पांडे यांनी २००० साली 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटातून ती लोकांना दाखवली. चर्चा सुरू झाली. २००१ साली सरकारने या माशाला कायद्याचे संरक्षण दिले. आज तेथील मच्छीमार जाळ्यात अडकलेला व्हेल शार्क जाळे कापून सोडून देतात.

तुम्ही म्हणाल, "गुजरातच्या समुद्राशी आमचा काय संबंध?" अकोल्याची मोर्णा पूर्णेला मिळते. अमरावतीकडची पेढीही पूर्णेलाच मिळते. पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. मोर्णेत टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी पुरात वाहत तेथपर्यंत जाऊ शकते. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकरांनी मोर्णेची सफाई केली. ती समुद्राचीही सेवाच होती. उर्दूत 'दरिया' म्हणजे नदी. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र. शब्द एकच आणि पाणीही एकच!

म्हणून समुद्रावरील एखादा कार्यक्रम पाहिला, की त्यातील एक गोष्ट निवडा. ती पुस्तकातून किंवा शिक्षकांना विचारून पडताळून घ्या. मग अम्मी-अब्बांना सांगा, मित्रांना सांगा, घरच्यांच्या मोबाइलवरून नातेवाइकांना कळवा. सोबत आपल्या नदीची गोष्टही सांगायला विसरू नका. कार्यक्रम तासाभरात संपतो. त्यावरचे बोलणे पुढे चालू ठेवणे आपल्या हाती आहे.