शिडाच्या नौकेतील जलाभेद्य कप्पे

गोव्याच्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या ५६ फुटी शिडनौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा शिडनौकेतील जलाभेद्य कप्प्यांविषयी काही मुद्दे:

• जलाभेद्य कप्पा पाण्याखाली गेला तरी आतून कोरडा राहतो, तर तुषाररोधक कप्पा केवळ पाऊस व उडणारे पाणी अडवतो.

• झाकणाखालची निओप्रीन रबराची पट्टी सर्व बाजूंनी सारखी दबावी लागते आणि बिजागरीच्या स्क्रूंची छिद्रे, जिथून पाणी सहज झिरपते, सीलंटने बुजवावी लागतात.

• चाचणीसाठी चौकटीच्या कडेला खडू फासून झाकण दाबतात. पट्टीवर उमटलेली रेघ जिथे तुटते, तिथे फट असते.

• एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला पाण्याचा दाब सुमारे १०० ग्रॅम असतो. गोड्या पाण्यात तो समुद्रापेक्षा किंचित कमी भरतो.