आईचे शिवणयंत्र : दुरुस्त करावे की विकावे?

दिवाळीची साफसफाई निघाली, की अनेक घरांत माळ्यावरचे काळे शिवणयंत्र खाली उतरते आणि वाद सुरू होतो. मुलगा म्हणतो, भंगारात देऊन टाकू. आई म्हणते, माझ्या डोळ्यांदेखत नको. त्या यंत्रावर शेजारपाजारची पोलकी शिवून तिने याच मुलाची फी भरलेली असते. पण जागाही लहान असते. मग ठरवायचे कसे?

आधी बाजारभावाचे पाहू. यंत्र जुने म्हणजे लाखमोलाचे, ही समजूत खरी नाही. सिंगर कंपनीच्या स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील एकाच कारखान्यातून १९१३ साली दहा लाखांहून अधिक यंत्रे बाहेर पडली. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' यंत्रे बनवायला सुरुवात केली आणि तीही घरोघरी पोचली. त्यामुळे शंभर वर्षांचे सिंगरसुद्धा दुर्मीळ नसते. यंत्राच्या बैठकीवर क्रमांक कोरलेला असतो. सिंगरच्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर असेल, तर यंत्र १९०० किंवा त्यानंतरचे समजावे.

इथे एक सावधगिरीचा इशारा. जुन्या सिंगर यंत्रात 'लाल पारा' असतो, अशी अफवा २००९ साली सौदी अरेबियात उठली आणि मोडक्या यंत्रांनाही हजारो रियाल मोजले गेले. शिवणयंत्रात असला पारा नसतो. कोणी भरमसाट किंमत देऊ करून आधी 'तपासणी खर्च' मागू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता यंत्र तपासा. पट्टा आणि सुई काढून चाक हाताने सावकाश फिरवा. सुईचा दांडा वरखाली झाला आणि कापड सरकवणारे दाते हलले, तर निम्मे काम झाले. चाक अडले तरी घाबरू नका. बहुतेक वेळा गंज नव्हे, तर सुकून चिकट झालेले तेल कारणीभूत असते. सांध्यांत रॉकेलचे थेंब सोडून यंत्र रात्रभर मोकळ्या हवेत, चुलीपासून दूर ठेवावे. मग पुसून शिवणयंत्राचेच तेल घालावे. खोबरेल किंवा गोडेतेल घालू नये. तेच पुढे घट्ट होऊन बसते. ओतीव लोखंडाला तडा गेला असेल, तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडावा.

सुट्या भागांचाही विचार हवा. गोल बॉबिनच्या साध्या यंत्राच्या सुया आणि बॉबिन आजही सहज मिळतात. होडीच्या आकाराचे लांबट शटल असेल, तर भाग शोधावे लागतात.

रंग देण्याची घाई करू नका. मूळ सोनेरी नक्षी हीच संग्राहकाला हवी असते. ती स्पिरिटने पुसली तर वरचे संरक्षक रोगण निघते. नवा रंग दिला, की यंत्र चकचकीत दिसते आणि किंमत घसरते.

शेवटचा प्रश्न पैशांचा नाही : यावर शिवणार कोण? घरात हौस असेल, तर कारागिराकडून खर्चाचा अंदाज आधी घ्या आणि नव्या साध्या यंत्राच्या किमतीशी ताडून पाहा. कोणीच शिवणार नसेल, तर विकण्यात कमीपणा नाही. मात्र भंगारवाला देतो ते लोखंडाचे वजन करून. तेच यंत्र तेलपाणी करून, चालू स्थितीत, शिवणकाम शिकलेल्या एखाद्या गरजू बाईला माफक किमतीत दिले, तर तिच्या घरी चार पैसे येतील. आईला तसे विचारून तर पाहा. तिचा विरोध बहुधा विकण्याला नसतो, यंत्र मोडीत निघण्याला असतो.