चढणीची वाट आणि रात्रीचा मुक्काम

इंदूरच्या खजराना भागातील चौघे मराठी तरुण गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात येऊन गेले. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या गणेशमंदिरामुळे खजराना सर्वांच्या परिचयाचे. समुद्र मात्र तेथून शेकडो किलोमीटर दूर. सायकली रेल्वेत टाकून ही मुले मडगावला उतरली आणि बेतूल, काब द राम, आगोंद या वाटेने एका दिवसात काणकोणला पोहोचली. त्यांची हकीकत ऐकून आम्हाला आनंद झाला. पण उठता उठता त्यांतील एकाने विचारले, "काका, तुमच्याकडची मुले या वाटेने जात नाहीत का?" या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो.

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, अशी त्यांची समजूत होती. साळ नदी समुद्राला मिळते त्या बेतूलपर्यंत ती टिकली. पुढे सह्याद्रीचे फाटे थेट पाण्यापर्यंत उतरलेले. माथ्यावर जांभ्या दगडाचे पठार, मग घसरता उतार, तळाशी ओहोळ, भाताची चार शेते, माडांची राई, की लगेच दुसरी चढण. मोटारीत बसलेल्याला हे चढउतार जाणवतही नाहीत. सायकलस्वाराला ते पोटऱ्यांनी मोजावे लागतात. पण त्याची भरपाईही होते. खोलच्या मिरचीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आपण वाचली आणि विसरलो. ती मिरची डोंगरउतारावर, केवळ पावसाच्या पाण्यावर पिकते, हे या मुलांना धाप लागून थांबले असता एका शेतकऱ्याने सांगितले. वर माठातले पाणीही पाजले. काब द रामच्या तटावर ते घटकाभर बसले. वनवासात श्रीरामांचे वास्तव्य येथे झाले, अशी लोकश्रद्धा. याच किल्ल्यात पोर्तुगिजांनी १९५५ पर्यंत तुरुंग ठेवला होता, हे कळल्यावर मुले काही काळ गप्प झाली.

आता या हकीकतीची दुसरी बाजू. एका वळणावर भरधाव मोटारीने त्यांच्यातील एकाला रस्त्याबाहेर रेटले. कोपर आणि गुडघा खरचटण्यावर निभावले, इतकेच. पुढे आगोंदला सांज झाली. वाळूत तंबू ठोकावा, चूल पेटवावी, असा त्यांचा बेत होता. गावातील एका वृद्ध गृहस्थांनी त्यांना अडवले, आणि ते योग्यच केले. आगोंद आणि गालजीबागच्या वाळूत या दिवसांत समुद्री कासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पिले बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने धावतात. किनाऱ्यावर दिवा किंवा जाळ दिसला तर समुद्राऐवजी तिकडे वळून मरतात. शिवाय किनाऱ्यांवर उघड्यावर स्वयंपाक व मद्यपान करण्यास २०१९ च्या कायदादुरुस्तीने बंदी आहे. व्यक्तीला दोन हजार आणि टोळक्याला दहा हजार रुपये दंडाची त्यात तरतूद होती. बाटल्यांच्या काचांनी वाळू भरू लागल्यावर आलेला हा कायदा आम्हाला मान्य आहे.

परंतु कायदा 'येथे नको' एवढेच सांगून थांबतो. मग कोठे, याचे उत्तर कोणी द्यायचे? त्या रात्री ते त्या वृद्ध गृहस्थांनीच दिले. त्यांनी आपले अंगण उघडले, विहीर दाखवली, पेजेबरोबर खाऱ्या आंब्याची फोड वाढली. आदरातिथ्याची ही परंपरा गोव्याला भूषणावह खरी. पण एका सज्जनाच्या अंगणावर पर्यटनाचे धोरण चालत नाही. मोठी हॉटेले व्हावीत, रस्ते रुंद व्हावेत, यासाठी मंत्रालयात फायली हलतात. जो पायडल मारीत येतो, धूर सोडीत नाही, गावातल्याच दुकानात चहा पितो आणि आपला कचरा पिशवीत घालून परत नेतो, त्याच्यासाठी हातभर कडाही कोणी राखलेला नाही.

आमची मागणी माफक आहे. किनाऱ्यालगतच्या रस्त्याचे डांबरीकरण होईल तेव्हा सायकलींसाठी कडेला पट्टा ठेवावा. आंधळ्या वळणांवर वेग आवरणारे फलक आणि गतिरोधक असावेत. पंचायतींनी वाळूपासून दूर, पाणी व शौचालय असलेली एखादी जागा माफक शुल्क घेऊन तंबूंसाठी द्यावी. सुटीत रिकामे असणारे शाळेचे पटांगणही त्यासाठी चालेल. त्यातून गावालाही चार पैसे मिळतील.

आणि त्या मुलाच्या प्रश्नाचे काय? १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर जग पाहायला निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. आमच्या मुलांनी जगप्रदक्षिणा करावी, असे आम्ही म्हणत नाही. मडगावहून काणकोण तर एका दिवसाची वाट आहे. ती चढताना मुलाला घाम येईल, तहान लागेल, कोणाच्या तरी दारात पाणी मागावे लागेल. आपला मुलूख अशा वेळीच आपला होतो. खजरान्याच्या मुलांना तो एका दिवसात थोडाफार उमगला. येथे जन्मलेल्यांनी तो मोटारीच्या काचेतून पाहावा, यासारखा करंटेपणा दुसरा नाही. पालकांनी मुलांच्या सायकलींना एकदा हवा भरून द्यावी. आणि त्या सुखरूप घरी परततील असा रस्ता सरकारने द्यावा.